दोनशे मायक्रोग्रॅम म्हणजे नेमके किती?

दम्याच्या पंपाच्या खोक्यावर एक आकडा ठळक छापलेला असतो: १००, १६०, २५०, ४००. पंप बदलून आला की नजर आधी त्यावरच जाते. आधी ४०० होता, आता २०० आला, म्हणजे औषध कमी केलं. आधी १६० होता, आता २५०, म्हणजे आजार वाढला. हे दोन्ही निष्कर्ष बऱ्याचदा चुकतात, कारण तो आकडा वजनाचा आहे, ताकदीचा नाही. बेक्लोमेटासोन आणि फ्ल्युटिकासोन या पंपातल्या दोन औषधांच्या एकेका मायक्रोग्रॅमचं वजन सारखं असतं, काम सारखं नसतं.

श्वासातून घ्यायची स्टेरॉइडं मोजकीच आहेत. बेक्लोमेटासोन सर्वांत जुनं, १९७२ पासूनचं. त्यानंतर ब्युडेसोनाइड, फ्ल्युटिकासोन प्रोपियोनेट, मोमेटासोन, सिक्लेसोनाइड आणि फ्ल्युटिकासोन फ्युरोएट आली. यातल्या शेवटच्या नावाकडे नीट बघा. प्रोपियोनेट आणि फ्युरोएट ही दोन वेगळी औषधं आहेत. चिठ्ठीवर किंवा बोलताना नुसतं ‘फ्ल्युटिकासोन’ म्हटलं की घोळ होतो. एकाचे १०० दिवसातून दोनदा घेतात, दुसऱ्याचे १०० दिवसातून एकदाच, आणि तेवढं पुरतं. (व्यायामशाळेत स्नायू फुगवायला वापरतात त्या स्टेरॉइडशी यांचा संबंध फक्त आडनावापुरता.)

सहाही औषधांचं मूळ काम एकच आहे. श्वासनलिकेच्या पेशीत शिरायचं, तिथल्या रिसेप्टरला, म्हणजे औषध पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटायचं आणि सूज वाढवणाऱ्या जनुकांना गप्प करायचं. चिकटण्याचा जोर मात्र वेगवेगळा आहे. डेक्सामेथासोन या तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या स्टेरॉइडचा जोर १०० धरला तर ब्युडेसोनाइडचा ९००च्या पुढे, फ्ल्युटिकासोन प्रोपियोनेटचा १८००च्या आसपास आणि फ्युरोएटचा ३०००च्या जवळ जातो. हे आकडे जाहिरातीत फार शोभून दिसतात. पण कमी जोराच्या औषधाचे चार मायक्रोग्रॅम जास्त घातले की ती तूट भरून निघते, म्हणून ‘सगळ्यांत जोरदार स्टेरॉइड कोणतं’ या प्रश्नाला व्यवहारात फारसा अर्थ नाही. विचारायचं ते असं: फायद्याचा डोस कोणता, आणि त्या डोसला फुफ्फुसाबाहेर किती औषध सांडतं?

कमी डोस कशाला म्हणायचं

प्रौढ आणि १२ वर्षांवरील मुलांसाठी ‘जीना’ या जागतिक मार्गदर्शक संस्थेच्या तक्त्यात ‘कमी डोस’ दिवसभराचा मिळून साधारण असा आहे:

बेक्लोमेटासोन, साध्या कणांचा फवारा: २०० ते ५००
बेक्लोमेटासोन, अतिसूक्ष्म कणांचा फवारा: १०० ते २००
ब्युडेसोनाइड: २०० ते ४००
फ्ल्युटिकासोन प्रोपियोनेट: १०० ते २५०
सिक्लेसोनाइड: ८० ते १६०
फ्ल्युटिकासोन फ्युरोएट: १००

सगळे आकडे मायक्रोग्रॅममध्ये. मोमेटासोन मुद्दाम गाळलं, कारण त्याचा आकडा यंत्रागणिक बदलतो. हा तक्ता म्हणजे नाण्यांचा विनिमय दर नव्हे. अमक्याचे २०० बरोबर तमक्याचे १०० असा हिशोब त्यातून निघत नाही. कोणत्या औषधाचा कोणता टप्पा कमी, मध्यम की जास्त, एवढंच त्यावरून कळतं. ब्युडेसोनाइडचा मध्यम टप्पा ८०० पर्यंत जातो, फ्ल्युटिकासोन प्रोपियोनेटचा ५०० ला संपतो. त्यापुढे सगळं ‘जास्त’.

पहिल्या दोन ओळी पुन्हा वाचा. औषध एकच, तरी डोस निम्मा किंवा त्याहून कमी, आणि तो कणाच्या आकारामुळे. साध्या फवाऱ्यातले कण तीन-चार मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात. अतिसूक्ष्म फवाऱ्यात बेक्लोमेटासोन द्रावणात विरघळलेलं असतं आणि कण एक मायक्रॉनच्या आसपास उतरतात. मोठे कण घशाच्या वळणावर आपटून तिथेच बसतात. बारीक कण वळण घेऊन खालच्या अरुंद नलिकांपर्यंत पोचतात. साध्या पंपावरून अतिसूक्ष्म पंपावर जाताना तोच आकडा तसाच ठेवला तर डोस नकळत दुपटीच्या घरात जातो. उलट दिशेने तीच चूक झाली तर दोन-तीन आठवड्यांत रात्रीचा खोकला परत येतो आणि ‘नवीन कंपनीचं औषध हलकं आहे’ असं खापर फुटतं. बेक्लोमेटासोन नुसत्या नावाने बदलून घेऊ नये, खोक्यावरचं पूर्ण नाव जुळवून घ्यावं.

आकड्यांचा आणखी एक गोंधळ आहे. काही देशांत पंपाच्या आत मोजला जाणारा डोस छापतात, काही ठिकाणी तोंडाच्या भागातून बाहेर पडणारा. जोडीच्या पंपावर पहिला आकडा स्टेरॉइडचा आणि दुसरा सोबतच्या श्वासनलिका उघडणाऱ्या औषधाचा असतो. त्यामुळे ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा २००/६ आणि १६०/४.५ हा एकच पंप असतो. फ्ल्युटिकासोन फ्युरोएट-व्हिलँटेरॉलचा १००/२५ आणि ९२/२२ सुद्धा एकच. फरक पंपातच अडकून राहणाऱ्या औषधाचा आहे. परदेशातून आणलेला पंप बघून डोस कमी-जास्त करण्याआधी हे तपासायला हवं.

गिळलेलं आणि ओढलेलं

साध्या पंपाचा फवारा थेट तोंडात मारला तर निम्म्याहून जास्त औषध तोंडात आणि घशातच पडतं, आणि तिथून पोटात जातं. पोटातून रक्तात जाताना वाटेत यकृत असतं, ते बराच भाग निकामी करतं. इथे औषधांमधला फरक मोठा आहे. गिळलेल्या ब्युडेसोनाइडपैकी सुमारे ११ टक्के यकृतातून सुटून रक्तात पोचतं. बेक्लोमेटासोनचं प्रमाण याहून बरंच जास्त आहे. फ्ल्युटिकासोन प्रोपियोनेट, मोमेटासोन आणि सिक्लेसोनाइड यांचं एक टक्काही जेमतेम.

यावरून ‘फ्ल्युटिकासोन अंगात जातच नाही’ असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. फुफ्फुसात उतरलेलं औषध यकृताची चौकी टाळून सरळ रक्तात जातं, आणि ते सगळ्याच औषधांचं जातं. तिथून पुढे ते किती लवकर निघून जातं याला महत्त्व येतं. ब्युडेसोनाइड रक्तातून दोन-तीन तासांत निम्मं होतं. फ्ल्युटिकासोन प्रोपियोनेटला सात-आठ तास किंवा त्याहून जास्त लागतात, कारण ते चरबीत मुरतं आणि सावकाश बाहेर येतं. कमी डोसला या फरकाने काही बिघडत नाही. दिवसाला ५०० च्या पुढे, महिनोन्‌महिने, त्यातही मुलांमध्ये, तो जाणवायला लागतो. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवायचं कमी करतात. मग एखाद्या तापात किंवा शस्त्रक्रियेत शरीराला जास्त कॉर्टिसॉल लागतं आणि ते मिळत नाही. सतत थकवा, मळमळ, वजन घटणं, लहान मुलांत रक्तातली साखर उतरून येणारी गुंगी, ही त्याची लक्षणं. जास्त डोस चालू असेल तर पंप एका दिवसात बंद करू नये तो यासाठी. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला त्याचा डोस न विसरता सांगावा.

फुफ्फुसात टिकून राहण्याची प्रत्येकाची तऱ्हा निराळी. ब्युडेसोनाइड पेशीत शिरल्यावर मेदाम्लाशी जोडलं जातं, तिथे साठून राहतं आणि हळूहळू सुटत जातं. त्यामुळे रक्तातून लवकर जाऊनही फुफ्फुसात त्याचं काम चालू राहतं, आणि सौम्य दम्यात दिवसातून एकदा दिलं तरी चालतं. फ्युरोएट रिसेप्टरला इतकं घट्ट धरून बसतं की त्याचा एकच डोस चोवीस तास पुरतो. सिक्लेसोनाइडची युक्ती मला सर्वांत हुशार वाटते. पंपातून निघतं तेव्हा ते जवळपास निष्क्रिय असतं. श्वासनलिकेतली एन्झाइम त्याला सक्रिय रूप देतात. तोंडात ती एन्झाइम फारशी काम करत नाहीत, म्हणून तोंडात चट्टे पडणं आणि आवाज बसणं कमी. वरून रक्तात गेलेला भाग जवळजवळ सगळा प्रथिनांना चिकटून राहतो. ज्यांना गुळण्या करूनही पुन्हापुन्हा तोंड येतं, त्यांच्यासाठी हे औषध डॉक्टरांकडे विचारून बघण्यासारखं आहे.

तोंड आणि आवाज

तोंडातले पांढरे चट्टे म्हणजे कॅन्डिडा बुरशी. पंप झाल्यावर चूळ भरायची, घशापर्यंत गुळणी करायची आणि पाणी थुंकायचं. गिळायचं नाही. नुसतं पाणी पिऊन टाकणारे बरेच असतात, त्याने घसा धुतला जातो पण औषध पोटात जातं. दात घासायच्या आधी पंप घेण्याची सवय लावली तर गुळणी वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही.

आवाज बसणं हा वेगळा प्रकार आहे. औषध स्वरयंत्रातून आत जाताना तिथेही थोडं पडतं, आणि तिथपर्यंत गुळणी पोचत नाही. स्पेसरने (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायच्या पोकळ नळकांड्याने) चट्टे नक्की कमी होतात, पण आवाजाला दर वेळी फरक पडेलच असं नाही. शिक्षक, गायक, दिवसभर बोलणारे यांना हा त्रास लवकर जाणवतो. तिथे डोस कमी करता येतो का, औषध किंवा यंत्र बदलता येतं का, हे बघावं लागतं.

यंत्र चुकलं तर औषध चुकलं

फवाऱ्याचा पंप आणि पावडरचा पंप यांच्या श्वासाची तऱ्हा एकमेकांच्या अगदी उलट आहे, आणि एकावरून दुसऱ्यावर जाताना सगळ्यांत जास्त चुका इथे होतात.

फवाऱ्याच्या पंपात औषध वायूच्या जोराने बाहेर पडतं, म्हणून श्वास सावकाश घ्यायचा. पूर्ण श्वास सोडा, ओठ घट्ट लावा, श्वास ओढायला सुरुवात करा आणि त्याच क्षणी पंप दाबा. चार-पाच सेकंद ओढत राहा, मग दहा सेकंद थांबा. दुसऱ्या फवाऱ्याआधी पंप पुन्हा हलवा. हलवणं का? ब्युडेसोनाइड आणि फ्ल्युटिकासोनच्या अशा पंपांत औषधाचे कण द्रवात तरंगत असतात आणि ठेवल्यावर खाली किंवा वर गोळा होतात. न हलवता मारलेला फवारा कधी अर्ध्या डोसचा, कधी दीड डोसचा. सिक्लेसोनाइड आणि अतिसूक्ष्म बेक्लोमेटासोन द्रावणात असतात, त्यांना हलवण्याची गरज नसते. नवा पंप किंवा बरेच दिवस पडून राहिलेला पंप आधी हवेत मारून घ्यावा लागतो. किती वेळा, ते त्या-त्या पंपाच्या पत्रकात लिहिलेलं असतं.

पावडरच्या पंपात वायू नसतो, पावडर फोडायचं काम तुमच्या श्वासाचं. म्हणून पहिल्या झटक्यापासून जोरात आणि खोल ओढायचं. सावकाश ओढलं तर पावडर गोळ्यागोळ्यांत निघते आणि घशात बसते. टर्ब्युहेलरसारख्या यंत्राला मिनिटाला ६० लिटरच्या आसपास वेग मिळाला तर उत्तम. लहान मुलांना आणि जोराचा झटका आलेल्या माणसाला तो जमेलच असं नाही. डोस भरताना टर्ब्युहेलर सरळ उभं धरायचं. आडवं धरून फिरवलं तर पावडर पूर्ण भरत नाही. हलवल्यावर आतून येणारा खुळखुळ आवाज औषधाचा नसतो, ओलावा शोषणाऱ्या पदार्थाचा असतो, आणि औषध संपल्यावरही तो येतच राहतो. पावडरच्या पंपात फुंकर मारू नये, आत गेलेल्या ओलाव्याने पावडर चिकटते. ज्यांना दुधातल्या प्रथिनांची तीव्र ॲलर्जी आहे त्यांनी पत्रकातला लॅक्टोजचा उल्लेख पाहावा. बऱ्याच पावडरच्या पंपांत लॅक्टोज असतं आणि त्याच्यासोबत दुधाचं प्रथिन किंचित येऊ शकतं.

स्पेसरबद्दल दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. एका वेळी एकच फवारा. दोन-तीन एकदम मारले तर कण एकमेकांवर आणि भिंतीवर आदळून डोस कमीच पोचतो. आणि स्पेसर कोमट पाण्यात भांड्याच्या सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून धुवा आणि न पुसता वाळू द्या. कापडाने पुसलं की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषधाचे कण भिंतीला चिकटतात. नवा प्लास्टिकचा स्पेसर पहिल्या वापराआधी असाच धुवावा.

नेब्युलायझरने देण्याचं ब्युडेसोनाइड ही स्वतंत्र गोष्ट. ते तरंगत्या कणांचं असल्याने अल्ट्रासॉनिक यंत्रात चालत नाही, हवेच्या दाबाचं जेट यंत्र लागतं. त्यातलं बरंचसं औषध हवेत आणि मास्कमध्ये जातं, म्हणून रेस्प्यूलवरच्या (नेब्युलायझरच्या औषधाच्या छोट्या कुपीवरच्या) ५०० शी पंपावरच्या ५०० ची तुलना करू नका. मास्क चेहऱ्याला घट्ट बसायला हवा, आणि झाल्यावर मुलाचा चेहरा धुवायला हवा.

सोबत कोण आहे

स्टेरॉइडसोबत श्वासनलिका उघडणारं औषध जोडलेलं असेल तर कोणतं जोडलं आहे, यावर पंपाचा उपयोगच बदलतो. फॉर्मोटेरॉल काही मिनिटांत काम करू लागतं. म्हणून ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल किंवा बेक्लोमेटासोन-फॉर्मोटेरॉल हा एकच पंप रोजचा आणि त्रास झाल्यावरचाही, असा वापरता येतो. प्रत्येक जादा श्वासासोबत थोडं स्टेरॉइडही जातं, हा त्यातला मोठा फायदा. २००/६ चा पंप असेल तर प्रौढांसाठी दिवसाची एकूण कमाल १२ वेळा. पण तिथवर रोज जाण्याची वेळ येत असेल तर डॉक्टरांना दाखवायला उशीर होतो आहे. सॅल्मेटेरॉलचा परिणाम सावकाश सुरू होतो आणि व्हिलँटेरॉल दिवसातून एकदाच घ्यायचं असतं, म्हणून त्यांच्या जोडीचे पंप धाप लागल्यावर तातडीने घ्यायचे नाहीत. पंप बदलताना हा एक फरक लक्षात आला नाही तर धोका आहे.

दुसरी सोबत इतर औषधांची. ही स्टेरॉइडं यकृतात मुख्यतः ज्या एन्झाइमने तुटतात, त्याला रिटोनाविर, कोबिसिस्टॅट, इट्राकोनाझोल, किटोकोनाझोल ही औषधं अडवतात. फ्ल्युटिकासोन किंवा ब्युडेसोनाइड चालू असताना यांपैकी एखादं सुरू झालं तर साध्या डोसचं औषधही रक्तात साचून चेहरा गोल होणं, वजन वाढणं, साखर चढणं असे परिणाम दिसू शकतात, आणि आतून अधिवृक्क ग्रंथी दबतात. एचआयव्हीच्या उपचारात किंवा बुरशीच्या लांबलेल्या उपचारात हा प्रश्न आवर्जून विचारा. तिथे बेक्लोमेटासोन सहसा सुरक्षित पर्याय ठरतं, कारण ते मोडण्यात या एन्झाइमचा वाटा कमी असतो. जुनं, स्वस्तातलं म्हणून दुर्लक्षित असलेलं औषध इथे बाजी मारतं.

किती, किती दिवस

बहुतेकांना कमी डोसनेच बहुतेक फायदा मिळतो. फ्ल्युटिकासोन प्रोपियोनेटचे दिवसाला २०० ते २५० मायक्रोग्रॅम घेतले की मिळू शकणाऱ्या फायद्याचा फार मोठा हिस्सा हाती येतो. तिथून डोस दुप्पट केला तर फायदा थोडासाच वाढतो, दुष्परिणाम मात्र वाढत राहतात. कमी डोसने आराम पडत नसेल तर डोस वाढवण्याआधी बघायच्या गोष्टी अनेक आहेत: पंप खरंच रोज घेतला जातो का, यंत्र नीट वापरलं जातं का, घरात धूर आहे का, नाकाची ॲलर्जी तशीच राहिली आहे का. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुफ्फुसात स्टेरॉइड कमी काम करतं, तिथे डोसपेक्षा सिगारेट सोडण्याचा परिणाम जास्त.

रात्रीचा त्रास पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत कमी होतो. श्वासनलिकेची चिडचिड शमायला महिने लागतात. म्हणून दहा दिवसांत बरं वाटलं की पंप थांबवणारा माणूस सूज तशीच ठेवून फक्त लक्षणं झाकतो. कमीत कमी तीन महिने दमा आटोक्यात असेल तर डोस पाव ते निम्मा उतरवून बघायचा, एकदम शून्यावर न्यायचा नाही.

मुलांच्या उंचीची चिंता खरी आहे, पण तिचं माप माहीत असू द्या. अमेरिकेत ५ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड काही वर्षं देऊन केलेल्या एका मोठ्या अभ्यासात, मोठेपणी त्यांची उंची औषध न घेतलेल्यांपेक्षा सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. वाढ मंदावली ती मुख्यतः पहिल्या दोन वर्षांत, पुढे फरक वाढत गेला नाही. उलट बाजूला, नीट आटोक्यात नसलेला दमाही वाढ खुंटवतो, शाळा बुडवतो आणि दरवेळी तोंडाने स्टेरॉइडचा कोर्स घ्यायला लावतो. तसे दोन-तीन कोर्स वर्षाला झाले तर कमी डोसच्या पंपाची बाजू फार जड होते. मुलांचे डोसही प्रौढांच्या तक्त्याने मोजायचे नाहीत: ६ ते ११ वर्षांसाठी ब्युडेसोनाइडच्या पावडरचा कमी डोस १०० ते २००, फ्ल्युटिकासोन प्रोपियोनेटचा ५० ते १००. दर सहा महिन्यांनी उंची मोजून लिहून ठेवा.

जास्त डोस वर्षानुवर्षं चालला तर मोतीबिंदू, काचबिंदू, हाडं ठिसूळ होणं, कातडीवर सहज काळेनिळे डाग पडणं हे सगळं संभवतं. तिथे डोळे आणि हाडं तपासणं आलंच. गरोदरपणात मात्र भीतीने पंप सोडू नये. ब्युडेसोनाइडबद्दल सर्वांत जास्त माहिती उपलब्ध आहे, पण जे चालू आहे आणि लागू पडलं आहे ते सहसा बदलत नाहीत.

आणि पंप रिकामा झाला हे ओळखायचं कसं? हलवून नाही, पाण्यात तरंगवूनही नाही. औषधाचे मोजलेले डोस संपल्यावरही डबीत वायू उरतो आणि फवारा पूर्वीसारखाच फुसकन निघतो, त्यात औषध मात्र अपुरं किंवा नसल्यासारखंच. मोजणीचा आकडा असेल तर तोच बघायचा. नसेल तर खोक्यावरचे डोस रोजच्या फवाऱ्यांनी भागायचे: १२० डोसांचा पंप रोज चार फवाऱ्यांनी तीस दिवसांत संपतो. संपण्याची तारीख पंपावरच चिकटपट्टी लावून लिहून ठेवायची.